आठवणींचे प्रायश्चित्त

अद्भुत कादंबरी म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे राक्षस, तलवारी आणि घटकाभराची करमणूक उभी राहते. दुःखी माणसाने असले पुस्तक हाती घ्यावे ते स्वतःला विसरण्यासाठी, असाही एक समज आहे. आज जिच्याविषयी सांगायचे आहे ती कादंबरी मात्र विसरण्याच्याच विरुद्ध बोलते. आणि म्हणूनच दिलासा देते.

अमेरिकन लेखक ब्रँडन सँडरसन यांची ‘ओथब्रिंगर’ ही कादंबरी २०१७ साली निघाली. ‘स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ या मालेतला हा तिसरा, बाराशे पानांच्या घरातला ग्रंथ. जग सारे कल्पित, प्रचंड वादळांचे. त्यात डॅलिनार खोलिन हा पन्नाशी उलटलेला सेनापती आहे. २०१० आणि २०१४ साली आलेल्या पहिल्या दोन भागांत आपल्याला तो शब्दाला जागणारा, न्यायी पुरुष म्हणून भेटतो. आपला त्याच्यावर जीव बसतो. मग तिसऱ्या भागात त्याचा भूतकाळ थोडाथोडा उलगडतो.

काय केले होते या भल्या माणसाने? रागाच्या भरात राथालास नावाचे अख्खे शहर माणसांसकट जाळले. समेट घडवावा म्हणून त्याची पत्नी एवी त्याच्या नकळत त्या शहरात गेली होती. तीही त्याच आगीत गेली. पुढे तो दारूत बुडाला. शेवटी एका दैवी शक्तीकडे त्याने क्षमा मागितली, तेव्हा तिने पत्नीची आठवणच पुसून टाकली. आपण ओळखत होतो तो सज्जन या विस्मरणावर उभा होता!

आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी झाला. वारूळ वाढले आणि जुना वाल्या त्याखाली गडप झाला, असे आपण धरून चालतो. डॅलिनारचे वारूळ मात्र फुटते. आठवणी परत येतात. ऐन युद्धात ओडियम नावाचा द्वेषाचा देव त्याला म्हणतो, हे सारे मीच तुझ्याकडून करविले. तुझी वेदना मला देऊन टाक. किती सोपी सुटका! पण डॅलिनार नाही म्हणतो. केले ते मी केले, तेव्हा दुःखही माझेच. ते देऊन टाकले, तर बदललेला माणूसही त्याच्याबरोबर जाईल, हे त्याला कळलेले असते.

आता तुम्ही विचाराल, यात दिलासा तो कसला? माझ्यापुरते सांगतो. वडील गेल्यावर आत्याने त्यांच्या तरुणपणीच्या, माझ्या जन्माआधीच्या, काही गोष्टी सांगितल्या. दारू, मारहाण. मी पाहिलेले वडील शांत होते. सुपारीलाही शिवत नसत. मग खरे वडील कोणते? कित्येक रात्री हा प्रश्न झोपू देत नव्हता. या कादंबरीने एवढे समजावले की निवड करायची गरज नाही. दोघेही खरे. पहिला होता, म्हणूनच दुसऱ्याला रोज उठून चांगले वागावे लागले, आणि ते वागणे नाटक नव्हते.

लेखकाने इथे हिशेब स्वस्तात मिटविलेला नाही. जळालेली माणसे परत येत नाहीत. २०२० साली आलेल्या पुढच्या भागात थोरला मुलगा आईच्या मृत्यूबद्दल बापाला सहजी क्षमा करीत नाही. करावी अशी सक्तीही कुणी करीत नाही. पश्चात्ताप करणाऱ्याने क्षमेवर हक्क सांगू नये, हेही त्यात आलेच.

डॅलिनारच्या समाजात लिहिणे-वाचणे हे बायकांचे काम. पुरुषाने ग्रंथ ऐकायचे. तरी हा म्हातारा योद्धा अक्षरे शिकतो आणि अखेरीस स्वतःच्या हाताने आपली हकीगत लिहायला बसतो. त्यात मोठेपणाही सांगतो आणि लाजही. तुमच्याही घरात कुणाचा तरी असा जुना, न बोललेला काळ असेल. तो बोलू लागला, तर ऐकायला बसा. क्षमेचे पुढे पाहता येईल.