सहासष्ट फूट तार

आमच्या घराच्या गच्चीवरून शेजारच्या लिंबाच्या झाडापर्यंत एक तार गेलेली आहे. नवीन माणूस घरी आला की आधी त्या तारेबद्दल विचारतो. शेजारच्या काकूंनी तर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "सर, ह्या तारंवर धुणं वाळू घातलं तर चालंल का?" धुणं चालणार नाही, हे मी त्यांना सांगितलं, पण ती तार कशाची, हे सांगायला मला बराच वेळ लागला. तेच आज जरा सविस्तर सांगतो.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं निजली होती आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तेव्हा मी उमरगा तालुक्यात शाळेवर नोकरीला होतो. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण आमच्याकडचं सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही गावंही तशीच उद्‌ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. ते माळवदच माणसांवर आलं. पुढचे दोन-तीन दिवस जो तो एकच गोष्ट विचारत होता : आमची माणसं कशी आहेत? मुंबई-पुण्याला कामाला गेलेली मुलं तिकडून विचारत होती, इकडचे म्हातारे इकडून विचारत होते. आणि फोन तर गावात मुळात एखादाच.

मदतीला गेलो असताना एका तंबूत बाहेरगावाहून आलेले हौशी रेडिओवाले बसलेले पाहिले. मोटारीची बॅटरी, एक लहानसा संच आणि बाभळीवर फेकलेली तार. एवढ्या सामानावर ते निरोप पाठवत होते. मी विज्ञान शिकवत असे, म्हणून माझं लक्ष संचाकडे गेलं. त्यातला एकजण हसून म्हणाला, "मास्तर, संच कुठलाही चालतो. तार नीट पाहिजे." या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढं काही वर्षं लागली.

हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याकडून मिळतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि बारा वर्षांपुढील कोणालाही ती देता येते. 27 मेगाहर्ट्झच्या 'सिटिझन्स बँड'वर मात्र 5 वॅटपर्यंतच्या संचाला काही अटींवर 2005 पासून परवान्याची गरज उरलेली नाही. दोन्हीकडे एरियलचं शास्त्र एकच.

ते शास्त्र असं. लहरीला तिची लांबी असते. 7.1 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 42 मीटर लांब असते, म्हणून त्या पट्ट्याला 'चाळीस मीटर' म्हणतात. लहरीच्या निम्म्या लांबीची तार मधोमध तोडून तिथे केबल जोडली की झालं एरियल. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तर थोड्या जोरात तो उंच जातो, लय चुकली तर आपलेच हात दुखतात. तारेचंही तसंच. लांबी काढायचं सोपं गणित आहे : 468 या आकड्याला मेगाहर्ट्झने भागायचं, उत्तर फुटांत येतं. 7.1 साठी जवळजवळ 66 फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना तेहतीस-तेहतीस. सिटिझन्स बँडला सव्वासतरा फूट पुरे.

मी पहिली तार बांधली ती गोठ्याच्या पत्र्यावर, जेमतेम दोन फूट उंचीवर. संच चालू केला, पण कोणाला ऐकूच जाईना. संचच बिघडला अशी माझी खात्री. तो पोत्यात गुंडाळून एस.टी.ने सोलापूरला नेला. कारागिराने तपासून सांगितलं, संचाला काही झालेलं नाही. भाडं गेलं, दिवस गेला, वर घरी बोलणी खाल्ली ती वेगळी. दोष पत्र्याचा होता. तारेखाली एवढ्या जवळ पत्रा असला की तारेची लय बिघडते.

मग गच्चीवर पंचवीस फुटांचा बांबू उभा केला, मध्यबिंदू त्याच्या टोकाला आणि दोन्ही हात खाली उतरते बांधले, उलट्या 'व्ही'सारखे. टोकांना प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे लावले, त्यांतून नायलॉनची दोरी. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवावीत, कारण बोलताना तिथे चटका बसण्याइतका दाब असतो. मध्यबिंदूपाशी केबलचेच आठ-दहा वेढे घालून गुंडाळी केली, म्हणजे केबल स्वतःच एरियलसारखी वागत नाही. आणि एक गोष्ट मी दहादा सांगतो : विजेच्या तारांच्या वरून किंवा जवळून एरियल नेऊ नये. तुटून पडलं तर कुठे पडेल, ते आधी बघावं.

आता सुर लावणं. त्यासाठी एस.डब्ल्यू.आर. मीटर लागतो. संचातून निघालेली शक्ती एरियलकडून किती परत येते, ते तो दाखवतो. आकडा 1 आला तर काहीच परतत नाही. 2 वर अकरा टक्के आणि 3 वर पंचवीस टक्के परतते. दीडच्या आत आकडा आला की समाधान मानावं. एकाच्या मागे लागून दिवस घालवण्यात अर्थ नाही. कमी शक्तीवर पट्ट्याच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या टोकाला मीटर वाचायचा. खाली आकडा कमी आणि वर जास्त असेल तर तार लांब आहे. उलट असेल तर आखूड. माझी लांब निघाली, ती 6.98 वर सुरात होती आणि मला 7.1 हवं होतं. दोन्ही बाजूंना एकेक इंच कमी केला की सुर सुमारे 18 किलोहर्ट्झ वर सरकतो, तेव्हा साधारण सात-सात इंच. पण कापू नका! टोक मागे दुमडून तारेलाच पीळ देऊन बांधा. शिंपी कापड कापायच्या आधी टाचण्या लावतो, तसं. कापलेली तार पुन्हा जोडताना मी बांबूवरून तीनदा चढउतर केली आहे.

पुष्कळजण विचारतात, आणखी उंच का बांधत नाही? लांब परदेशाशी बोलायचं तर उंची हवीच. पण चाळीस मीटरची तार तीस फुटांच्या आत असली की तिची लहर बहुतेक सरळ वर जाते, अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या थरावर आपटते आणि छत्री उघडावी तशी चहूबाजूंनी खाली उतरते. बालाघाटच्या डोंगररांगा मध्ये येत नाहीत. दिवसा पुणे, हैदराबाद स्वच्छ ऐकू येतात. आपत्तीत आपल्याला बोलायचं असतं ते याच अंतरावर. बाभळीवरची ती तार बुटकी का होती, हे मला असं उशिरा उमगलं.

26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमानचा इतर संपर्क तुटला असताना त्यांच्या संचावरून निरोप मुख्य भूमीवर गेले. त्यांची एरियलं आधीच उभी होती, सुरात होती. जमीन हलल्यावर मीटर शोधत बसलं तर कसं होणार?

मृगाच्या आधी, वळवाचे ढग दिसायला लागले की मी केबल संचातून काढून घराबाहेर ठेवतो. आपल्याकडे वीज फार पडते. पाऊस थांबला की वर चढून मध्यबिंदूचा सांधा बघायचा, चिकटपट्टी नवी करायची आणि पुन्हा मीटर लावायचा. केबलमध्ये पाणी शिरलं की आकडा हळूहळू चढतो. यंदा पावणेदोनवर गेला होता. हातभर केबल कापून सांधा नव्याने केला, तेव्हा 1.3 वर आला. काकू खालून बघत होत्या. "उतरा आता सर," त्या म्हणाल्या, "लागला न्हवं फोन?"