मत पक्षाला की महालाला?

ऑफिसातले पुण्याचे मित्र म्हणतात, “तुमचं ग्वाल्हेर म्हणजे हिंदुत्ववाद्यांचा बालेकिल्ला!” खरंय. १९५२ साली हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे ग्वाल्हेर आणि गुना, दोन्हीकडून खासदार झाले. पण १९८४ मध्ये इथेच जन्मलेल्या अटलजींना काँग्रेसच्या माधवराव शिंद्यांनी सुमारे पावणेदोन लाख मतांनी हरवलं. आणि मातोश्री विजयाराजे भाजपच्या! आमच्या आजोबांनी शाखा कधी चुकवली नाही. त्या वर्षी मत मात्र महालाला. २०१९ मध्ये गुन्यात ज्योतिरादित्य काँग्रेसकडून हरले, २०२४ मध्ये तिथूनच भाजपकडून जिंकले. मग जिंकलं कोण, महाल की पक्ष? पुढच्या निवडणुकीत भाचीचं पहिलं मतदान आहे. ती विचारते, “मामा, उमेदवाराचं काम कुठे बघायचं?” आजी अजून गप्पच आहे.