वुजूचे पाणी

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात घराघरांत पाणी तांब्याने मोजले गेले. पुढे पाऊस झाला आणि आपण मोजणे विसरलो.

आम्ही घरी एकदा नळाखाली बादली ठेवून वुजू केला. बादली निम्मी भरली. प्रेषित मुहम्मद (स.) यांना वुजूसाठी एक मुद, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर पाणी पुरत असे, असे हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. पाण्याची उधळपट्टी नको, हे आपण मुलांना सांगतोच. पण सांगताना आपलाच नळ सुरू असतो.

आमची दादी आडाचे पाणी शेंदायची. प्रत्येक तांब्याचे वजन तिच्या हाताला ठाऊक होते. नळ आला, ते वजन गेले. आता ते मनालाच ठेवावे लागेल.

आता आम्ही लोटा घेऊन वुजू करतो. सुरुवातीला पाय धुण्याआधीच पाणी संपायचे. हळूहळू हात बसला. येत्या जुम्याला मशिदीच्या नळांचा विषय कमिटीपुढे मांडणार आहोत. तुम्हीही एकदा नळाखाली बादली ठेवून पाहा.