पावसात सापडलेलं वर्षाचं तिखट

२०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि अवघ्या दोन दिवसांत मुंबई-पुण्यात पोहोचला, ही बातमी आता जुनी झाली. धरणं, पेरण्या, तुंबलेले रस्ते यांवर रकानेच्या रकाने लिहून झाले. पुण्यातल्या बिबवेवाडीच्या गच्च्यांवर त्या आठवड्यात काय धांदल उडाली, ते मात्र कुठे छापून आलं नाही. जुन्या साड्यांवर पसरलेली मिरची अर्धवट वाळलेली असतानाच गोळा करून जिन्याने खाली आणावी लागली. ती बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पसरली गेली आणि घरातली माणसं दोन दिवस भिंतीच्या कडेने शिंकत चालत राहिली. पुण्यात पाऊस यायचा दहा जूनच्या सुमारास, हा हिशेब धरून मेचा शेवटचा आठवडा कितीतरी घरांत तिखट-मसाल्यासाठी राखलेला असतो. त्या वर्षी तो आठवडाच पावसाने खाल्ला.

बिबवेवाडीला याची झळ जास्त, कारण गुलटेकडीचं मार्केट यार्ड इथून हाकेच्या अंतरावर. गंगाधाम चौक ओलांडला की पोत्यांचा वास येऊ लागतो. बिबवेवाडीच्या अप्पर भागात राहणारी बाई बसने जाऊन पाच किलो मिरची घेऊन येते. तिला डब्यातलं तयार तिखट परवडत नाही असं नाही, पण तिला मिरची मोडून बघायची असते. या भागात साताऱ्याची, सोलापूरची, मराठवाड्याची, कोकणातली माणसं शेजारी शेजारी राहतात, तशीच व्यापारी जैन-मारवाडी कुटुंबंही. त्यामुळे एकाच इमारतीच्या गच्चीवर कांदा-लसूण मसाल्याची, काळ्या मसाल्याची आणि नुसत्या तिखटाची अशी तीन घरांची मिरची शेजारी शेजारी वाळताना दिसते.

मिरच्यांचं गणित प्रत्येक घराचं वेगळं. बेडगी रंगाला, संकेश्वरी झणक्याला, आणि जहाल हवं असेल तर मूठभर लवंगी. बेडगीचं नाव कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून पडलं. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ती सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला बेताची. तिचा रंग काढून घेणारे कारखाने आहेत, तो रंग खाद्यपदार्थांपासून लिपस्टिकपर्यंत जातो. त्याच ब्याडगीच्या बाजार समितीत मार्च २०२४ मध्ये भाव कोसळल्यावर शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, गाड्या पेटल्या. संकेश्वरीचं गाव बेळगाव जिल्ह्यातलं. ती लांब, सडपातळ आणि चांगली तिखट. दोन भाग बेडगीला एक भाग संकेश्वरी, असं प्रमाण एखादी सासू सांगते. तिची सून ते निम्म्यावर आणते, कारण मुलांना सोसत नाही.

त्या वर्षीच्या पावसाने जे बिघडवलं ते नीट समजून घ्यायला हवं. मिरचीच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे आतला ओलावा सहज बाहेर पडत नाही. वरून कुरकुरीत लागणारी मिरची बियांपाशी दमट असू शकते. सुक्या मिरचीत ओलावा ११ टक्क्यांहून जास्त नसावा, असा आपल्याकडचा अन्नसुरक्षेचा नियम आहे. घरात तो मोजायला यंत्र नाही. पण मिरची कानाशी धरून हलवली की बिया खुळखुळतात का, देठ ओढताच कट्कन तुटतो का, दोन बोटांत दाबली की चुरा होतो का, या तीन खुणा जाणत्या बायकांना पुरतात. उलट ऊन फार झालं तरी नुकसानच: मिरचीचा लाल रंग प्रकाशात आणि हवेत विटत जातो. म्हणून आठवडाभर गच्चीवर टाकून ठेवायची नसते. दोन-तीन दिवसांचं कडक ऊन द्यायचं आणि ऊन उतरायच्या आत, तापलेली असतानाच, थेट कांडपाला न्यायची.

कांडपाची जागा म्हणजे पत्र्याची शेड. लोखंडी मुसळं मोटरवर वरखाली होत असतात, खाली उखळात लाल चुरा उसळतो. काम करणारी बाई नाकातोंडावरून ओढणी घट्ट बांधून बसलेली. डोळे तेवढे उघडे. मुसळ वर गेलं की ती कडेला सरकलेली मिरची पटकन आत लोटते. मग चाळण, चाळणीवर राहिलेला जाडसर भाग पुन्हा उखळात. दारात उभ्या असलेल्यांनाही खकाणा सोडत नाही, रांगेत ठसक्यांची साथ येते. जैन घरातली बाई पिशवी खाली ठेवण्याआधी विचारते, आधीचा मसाला लसणाचा होता का. तसा असेल तर उखळ पुसून घेतल्याशिवाय ती आपली मिरची देत नाही. दगडफूल, नागकेशर, चक्रफूल, जायपत्री घरून तेलावर भाजून आणलेली असतात. दगडफुलाचा वास तेलात भाजल्याशिवाय उघडतच नाही. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत मसाला तापतो आणि सुगंधी तेलं उडून जातात, म्हणून मोठे कारखाने द्रव नायट्रोजन वापरून थंडीत दळण करतात. उखळातही मसाला गरम होतो, पण मुसळ उचललं जातं तेवढा वेळ त्याला हवा लागते. घरी आणल्यावर तो कागदावर पसरून पूर्ण निववायचा, मग बरणीत हिंगाचे खडे घालून दडपून भरायचा.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं सगळ्यात भक्कम उत्तर डॉ. कमला सोहोनी यांच्या कामात सापडतं. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारणाऱ्या सी. व्ही. रामन यांच्यापुढे त्यांनी सत्याग्रहाची भाषा केली आणि प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजमध्ये जाऊन १९३९ साली डॉक्टरेट घेतली; विज्ञानात ती मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. दूध, डाळी, नीरा या साध्या माणसांच्या अन्नावर त्यांनी संशोधन केलं. आणि मग या जीवरसायनशास्त्रज्ञ बाई मुंबईत नऊ जणींनी १९६६ साली सुरू केलेल्या ग्राहक संस्थेच्या कामात उतरल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या, संस्थेच्या 'कीमत' मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. 'खमंग' लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. एकाच घरातून प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर या दोन्हींबद्दल मराठी वाचकांना इतकं मिळालं, याची आठवण शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे असायला हवी.

याच ग्राहक चळवळीने घरोघरी पोहोचवलेली एक चाचणी आजही उपयोगी आहे. पेलाभर पाण्यावर चिमूटभर तिखट टाकायचं. विटेची भुकटी झटकन तळाशी बसते, पाण्यात विरघळणारा रंग असेल तर त्याच्या रेषा खाली उतरताना दिसतात. पण सुदान नावाचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही; तो या पेल्यात पकडला जात नाही. २००३ साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या तिखटात तो सापडला, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये त्याच रंगापायी ब्रिटनमधल्या दुकानांतून चारशेहून अधिक पदार्थ काढून घ्यावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने इथिलीन ऑक्साइड आढळल्यामुळे चार तयार भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली. अख्खी मिरची मोडून, देठ काढून, डोळ्यांदेखत कांडून घेणाऱ्या घराला निदान विटेची आणि सुदानची भीती फारशी राहत नाही.

बुरशीची मात्र राहते. दमट मिरचीत वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि ते भाजण्याने जात नाही. म्हणून भिजलेल्या ढिगातल्या वीस-पंचवीस मिरच्या उभ्या चिरून पाहाव्यात. आत कुठल्याही रंगाची बुरशी दिसली, तर जीव तुटला तरी तो ढीग टाकून द्यावा. आत स्वच्छ असेल आणि नुसता दमटपणा असेल, तर जाड कढईत मंद आचेवर हलवत ती सुकवता येते. रंग थोडा काळवंडतो, पण तिखट टिकतं.

खरी अडचण गच्चीची आहे. बिबवेवाडीत जुन्या तीन मजली इमारती पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. वर सोलर हीटर, पाण्याच्या टाक्या, आणि दाराला कुलूप. गळतीचं, सुरक्षेचं कारण सांगितलं जातं आणि ते खोटं नसतं. तरीही एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गच्ची उघडी ठेवण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत करायला काय हरकत आहे? किल्ली कोणाकडे, डाग कोणी पुसायचे, एवढं ठरलं की बाकी सगळं बायका सांभाळतात. मान्सून पुन्हा तसा लवकर येणार असेल तर हे काम एप्रिलमध्येच उरकावं लागेल, आणि तेव्हा दाराला कुलूप असून चालणार नाही.

त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाने ओढ दिली. शेतकऱ्यांना पेरणीची घाई करू नका असं सांगितलं जात असताना, जिथे जिथे गच्ची उघडी होती तिथे साड्या पुन्हा पसरल्या. दुपारी चारला बायका वर येऊन एकेक मिरची कानाशी हलवून बघत होत्या. ज्यांच्या खुळखुळल्या, त्या लगेच पिशव्या भरून कांडपाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी एक डोळा आभाळावर ठेवून ती तशीच साडीवर राहू दिली.