साडेचारची सांज, सव्वासातची सांज

पहाटे ४.१५

भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या चौकोनात शनिवार, त्याखाली वैशाख वद्य द्वादशी आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘शनिप्रदोष’. या मुंगीमुळं माझा फोन आज दिवसभर वाजणार. प्रदोष त्रयोदशीला असतो ना गुरव, मग द्वादशीला कसा? मागे एकानं तर कॅलेंडर छापणाऱ्यांचीच चूक झाली आहे, असं मला अर्धा तास समजावून सांगितलं होतं. माझं उत्तर ठरलेलं. बरेच सणवार सकाळची तिथी बघून धरतात, प्रदोष संध्याकाळची बघून. सूर्य मावळताना त्रयोदशी हवी. आज ती दुपारी लागते आणि उद्या दुपारी संपते, म्हणून आजच. सकाळी कोणती तिथी होती याची महादेव चौकशी करत नाही.

पूजेची पाळी आमच्या भाऊबंदांच्या तीन घरांत फिरते. वैशाख माझ्याकडं आहे. देऊळ सोमवार पेठेत, नागझरीच्या अंगाला, गल्लीत. नाव सांगून कुणाला कळेल असं नाही. नागेश्वराला निघालेली नवखी माणसं कधी चुकून आमच्याकडं येतात, आल्यासारखा नमस्कार करतात आणि पुढं रस्ता विचारतात.

पहाटे ५.००

गुलटेकडी, मार्केट यार्डातला फुलबाजार. वैशाखात मोगरा भरपूर, तेवढं एक सुख. पांढरी कण्हेर घेतली, थोडी शेवंती घेतली. खरं काम बेलाचं. फाल्गुन-चैत्रात बेलाचं झाड उघडं पडतं, तेव्हा हातातला बेल सोन्यासारखा जपून वापरावा लागतो. आता नवी पालवी आली आहे, चकचकीत आणि पोपटी, पण इतकी कोवळी की दुपारच्या उन्हात पापडासारखी आक्रसते. मी तिप्पट घेतला. उद्या दुपारनंतर चतुर्दशी, परवा अमावास्या आणि वर सोमवार. या तिन्ही दिवशी बेल तोडायचा नाही अशी रीत. त्यात उद्या रात्री मासिक शिवरात्र, परवा सोमवती. म्हणजे लागणार सगळ्यांत जास्त आणि तोडायचा अजिबात नाही. शास्त्र करणाऱ्यांनी गुरवाला विचारलं नसावं.

पोत्यावर बसलेल्या मावशी ही रीत पाळतात का, ते मी विचारत नाही. आपण आपला आज आणून ठेवायचा. बेलाला एक सवलत मात्र आहे. तो शिळा होत नाही. वाहिलेला बेल धुऊन पुन्हा वाहता येतो. तुळशीसारखंच.

सकाळी ६.१५

पिंडीला पहिलं स्नान. कालचा बेल उतरवला, शाळुंका चोळून धुतली, पन्हाळीत हात घालून पाहिला. वैशाखभर पिंडीवर गळती असते. तांब्याचं भांडं, बुडाला भोक, थेंब थेंब पाणी देवाच्या डोक्यावर. बाहेर पुणं तापत असताना आत हा एवढाच आवाज. भांडं दिवसातून चारदा भरावं लागतं. विसरलो तर थेंब थांबतो आणि मला बाहेर बसल्या जागी कळतं, जसं घड्याळ बंद पडलं की कळतं.

सात ते दहा नेहमीचं. पेन्शनरांचे तांबे, परीक्षेच्या निकालाची वाट बघणारी मुलं, शनिवार म्हणून मारुतीला निघालेले आणि वाटेत आमच्याकडं डोकावणारे.

सकाळी १०.३०

आज की उद्या? आज की उद्या? अकरा फोन झाले.

घरी ही परकर मांडीवर पसरून हार करते आहे. नंदीसाठी आज दुर्वांचा वेगळा हार लागतो. तो आमच्या रीतीतला नव्हे, रास्ता पेठेतून येणाऱ्या तमिळ मंडळींच्या. गेली पंधरा-सोळा वर्षं हीच तो करते आणि दर वेळी म्हणते, “अहो, दुर्वा गणपतीच्या, बैलानं त्या खायच्या की घालायच्या?” हाराचे पैसे रोख येतात. दानपेटीवर आता क्यूआर कोड डकवला आहे, त्यामुळं हल्ली भक्त फोन काढतात, देवाला पैसे पाठवतात आणि माझ्या ताटापुढून हात जोडून जातात. ताटात नाणी पडायची ती याच प्रदोषांच्या दिवशी. असो.

दुपारी १.००

दार ओढून घेतलं. मला उपास. प्रदोषाचं व्रत धरणारे दिवसभर उपाशी राहून रात्री पूजेनंतर जेवतात. मी व्रत धरलेलं नाही. संध्याकाळी पोट भरलेलं असलं की वाकवत नाही, एवढंच कारण. फरशीवर पंचा टाकून आडवा झालो.

दुपारी ४.३०

आजच्या दिवसाची सगळी अडचण या आकड्यात आहे.

प्रदोष म्हणजे रात्रीचं तोंड. आमच्याकडं तो सूर्यास्तानंतर मोजतात. कुणी तीन घटका म्हणतं, कुणी सहा. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे तासाच्या थोडा वरपासून सव्वादोन-अडीच तासांपर्यंत ताणता येतो. पुण्यात आज सूर्य सात वाजून पाच-सहा मिनिटांनी मावळणार. पंचांगातली वेळ मुंबईची असेल तर तीन-चार मिनिटं वजा करायची. मार्गशीर्षात हाच सूर्य सहाला मावळतो, तेव्हा प्रदोषही तासभर अलीकडं येतो. मी सूर्याबरोबर सरकत राहतो.

तमिळ देवळांत हे सरकणं नाही. तिथं प्रदोषाची पूजा साडेचार ते सहा. सूर्यास्ताच्या आधीचा दीड तास धरायचा असं गणित आहे, पण आता सूर्य कुठंही असो, साडेचार म्हणजे साडेचार. रास्ता पेठेतून येणाऱ्या मंडळींतल्या मामींचा एक पाय आमच्या उंबऱ्यात पडतो तेव्हा शेजारच्या शाळेतल्या घड्याळात बघायची गरज नसते.

त्यांना मामी म्हणतात कारण त्यांच्यात थोरल्या बाईला मामीच म्हणतात आणि आमच्यातही मामी म्हणजे मामी. या एका शब्दावर आमची ओळख झाली. आजोबा रेल्वेच्या नोकरीनं पुण्याला आले, नात इथंच म्हातारी झाली. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. मूळ गाव तंजावरकडचं. तिथल्या बृहदीश्वराच्या नंदीपुढं आमचं अख्खं देऊळ ठेवलं तरी नंदीच उजवा दिसेल. त्या नंदीला प्रदोषाच्या दिवशी दुधाची आंघोळ घालतात, ते बघायला माणसं लोटतात. “तुमच्याच भोसल्यांनी आमच्या देवळाच्या भिंतीवर मराठी कोरून ठेवलंय,” असं त्या मला अधूनमधून ऐकवतात. ते खरंच आहे. सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांचा अख्खा वंशेतिहास त्या दगडावर लिहवून घेतला. पण मामींच्या आवाजात असं काही असतं की मीच रात्री जाऊन छिन्नी चालवली असावी.

आमचा नंदी दीड वीत उंच. मराठी माणूस त्याच्या पाठीवर हात ठेवतो, कानात काहीतरी सांगतो आणि आत जातो. मामींचं उलट. प्रदोषाला आधी नंदी. दूध, दही, शहाळ्याचं पाणी, चंदन, शेवटी भस्म. मग दुर्वांचा हार, आणि पुढं काप्परिसी. काप्परिसी म्हणजे भिजवलेले तांदूळ, गूळ आणि खोबरं, बैलानं खावं असंच. त्यांच्या सांगण्याप्रमाणं हलाहल पचवल्यावर याच वेळी महादेव नंदीच्या दोन शिंगांच्या मधे नाचला. म्हणून शिंगांवर बोटं धरून त्या फटीतून पिंडी बघायची. आपल्याकडंही शृंगदर्शन करतातच. कारण विचारलं तर आपले लोक म्हणतात, पद्धत आहे.

अर्धी प्रदक्षिणाही दोघांची एकच. पन्हाळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेनं मागं फिरायचं. प्रदोषाला मामी ती नंदीपासून पन्हाळीपर्यंत पुढं-मागं अशा काही ठेक्यात घालतात की बघणाऱ्याला वाटावं, बाई काहीतरी विसरल्या आणि आठवून परत निघाल्या.

त्यांचा महिना वैकासी, तो सूर्याचा. आमचा वैशाख चंद्राचा. वर्ष वेगळ्या दिवशी सुरू होतं, महिने वेगळ्या दिवशी बदलतात. त्रयोदशी तेवढी दोघांची एका क्षणाला लागते.

सायंकाळी ६.००

मामींची मंडळी सभामंडपात बसली आहेत. त्या नातवाला गोष्ट सांगताहेत. मी फरशी पुसतोय, कारण दुधावर पाय घसरून एखादा आपटला तर व्रताचं फळ ससूनमध्ये मिळायचं.

गोष्ट माझ्या ओळखीची. स्कंदपुराणातल्या ब्रह्मोत्तरखंडातली. श्रीधरांनी त्याच खंडाच्या आधारे बारामतीत शके 1640 मध्ये शिवलीलामृत पुरं केलं. आमच्याकडं ती पोथी आजोबांपासून आहे, तेलाचे डाग पडलेली. विदर्भाचा राजा सत्यरथ शत्रूच्या हातून तरुणपणीच मारला जातो, राणी मरते, तान्हा मुलगा रानात उघडा पडतो. असं का झालं? तर मागच्या जन्मी हा राजा पांड्य देशाचा होता. प्रदोषाची पूजा करत असताना नगरात गलका झाला, तो पूजा अर्धी टाकून उठला, शत्रूला मारलं, आणि पूजा पुरी न करताच जेवला.

पांड्य म्हणजे मदुरैकडचा. तिकडं पूजा अर्धी सोडली आणि शिक्षा भोगायला आमच्या विदर्भात आला. मामींना हे फार आवडतं. “बघा, चूक आमच्याकडं, भरपाई तुमच्याकडं.” नातवाचा प्रश्न वेगळा होता. शत्रू आल्यावर राजानं उठायचं नाही तर काय करायचं? मामींनी त्याला काप्परिसीचा आणखी एक घास दिला.

सायंकाळी ७.१५

दुसरी सांज. सूर्य गेला, पण आभाळ अजून तांबूस. ओंकारेश्वराला, पाताळेश्वराला रांगा लागल्या असतील. आमच्या गल्लीतही चपलांचा ढीग दाराबाहेर गेला. शनी आणि प्रदोष एकत्र आले की एरवी देवळाकडं न फिरकणारेही येतात, साडेसातीवाले सगळ्यांत आधी.

गाभाऱ्यात चौघं भटजी बसले. एकादशणी आहे, रुद्राची अकरा आवर्तनं. म्हणणं त्यांचं, हात माझे. धार धरायची, बेल सारायचा, पिंडी मोकळी ठेवायची, यजमानाच्या हातातला तांब्या योग्य वेळी योग्य कोनात वळवायचा. बाहेरून लोक दूध देताहेत. पूर्वी तांब्यातून यायचं, आता पिशवीतून येतं. पिशवीचा कोपरा दातानं तोडायचा, तोंडातला तुकडा थुंकायला जागा नाही म्हणून बोटांनी बाजूला टाकायचा, आणि धार सोडायची. तो निळा त्रिकोणी कोपरा नखाएवढा. दुधाबरोबर तोही शाळुंकेत वाहतो. पन्हाळीच्या तोंडाशी बेलाचं पान असतं, पानाला कोपरा चिकटतो, कोपऱ्याला दुसरा.

पाचव्या आवर्तनाला माझ्या पायाला गार लागलं. शाळुंका काठोकाठ भरली होती. दूध, पाणी, मध, मोगरा, सगळं गाभाऱ्याच्या फरशीवर, आणि दगडी कासवाच्या पाठीवरून पाझरत सभामंडपाकडं. भटजींनी धोतराचा सोगा वर घेतला, आवाज तोच. मी धार यजमानाच्या हाती दिली आणि उठलो.

पन्हाळी देवळाच्या उत्तरेला बाहेर निघते. तिथं एक जाड तार मी भिंतीच्या खाचेत कायम ठेवलेली असते. अंधारात गुडघे टेकून, दंडापर्यंत हात आत. भिंतीपलीकडून रुद्र ऐकू येत होता. मला दिसत होतं ते फक्त दगडातलं भोक. माझ्या डोक्यात तेव्हा तो पांड्य राजा आला, हसू आलं. पोथी म्हणते प्रदोषाची पूजा अर्धी टाकून उठू नये. मी जन्मात एकही प्रदोष न उठता पुरा केलेला नाही. कधी पन्हाळी, कधी निरांजनाजवळ कुणाचा पदर, कधी हरवलेलं पोर, कधी चपलेवरून भांडण. सगळ्यांना दर्शनाची वेळ साधून मिळते ती कुणीतरी उठलेला असतो म्हणूनच. माझे वडीलही उठायचे. तेव्हा प्लास्टिक नव्हतं, नारळाच्या शेंड्या असायच्या.

तार वळवली. आत गुडगुड झालं आणि एकदम सगळं माझ्या कोपरावरून खाली आलं, पाच-सहा कोपरे, बेलाचा लगदा. आत परतलो तेव्हा सातवं आवर्तन चाललं होतं. सहावं मी भिंतीपलीकडून घेतलं.

रात्री ८.४५

आरती. खांबाला लावलेला विजेचा नगारा आणि घंटा बटण दाबलं की आपोआप सुरू होतात. वाजवायला कुणी येत नाही म्हणून आणलेलं यंत्र. आमचे आजोबा पखवाज वाजवायचे, गुरवांच्या घरात ते असायचंच. यंत्राचा ठेका चुकत नाही, पण आरती संपली तरी कुणीतरी बटण बंद करेपर्यंत तो थांबत नाही. आज मीच विसरलो. लोक हात जोडून उभे आणि नगारा एकटाच चाललेला.

रात्री ९.३०

गर्दी ओसरली. मामी मघाशीच गेल्या, दहीभाताचा डबा माझ्यासाठी ठेवून. वरून कढीपत्ता आणि मोहरीची फोडणी. नंदीच्या पायाशी बसून खाल्ला. गल्लीतल्या दोन मांजरी पन्हाळीखाली आपला प्रदोष सोडत होत्या.

रात्री १०.४५

ही आणि मी बेल निवडायला बसलो. बादलीत पाणी, शेजारी ओलं फडकं. तुटलेलं पान बाजूला, अखंड त्रिदळ इकडं. उद्यासाठी आणि परवासाठी हाच. भाऊबंदातल्या पुतण्याचा फोन आला, सोमवतीची गर्दी तू एकटा निभावशील का म्हणून. ये म्हटलं, आणि येताना जाड तारेचा आणखी एक तुकडा आण.

फडकं गुंडाळताना शेवटच्या ओंजळीत एका पानाच्या देठाला निळा कोपरा चिकटलेला निघाला.