🐕 कुत्र्याला विषबाधा झाली तर? शेताकडच्या मंडळींनी वाचाच!

नंदुरबार, शहादा, तळोदा पट्ट्यात कापूस, मिरची, पपईवर फवारणी सुरू झाली की कुत्र्यांना जपा. औषध कालवलेल्या बादलीतलं पाणी ते पितात, फवारलेल्या गवतातून फिरून पाय चाटतात.

🔴 कीटकनाशकाची लक्षणं: तोंडातून लाळेच्या तारा, उलटी-जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग थरथरणं, धाप, झटके. ऑर्गॅनोफॉस्फेट विषावर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात, पण वेळेत पोहोचायला हवं.

🔴 उंदराचं औषध: ब्रोमाडिओलोन फसवं. कुत्रा दोन-चार दिवस ठणठणीत दिसतो, मग आतून रक्तस्राव सुरू होतो. ओठ उचलून बघा, गुलाबी हिरडी पांढुरकी पडलेली दिसेल. यावर व्हिटॅमिन के-१ चालतं. लक्षणांची वाट पाहू नका. झिंक फॉस्फाइडचा मात्र पोटात विषारी वायू होतो. अशा कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा.

✅ काय कराल?
• विषापासून लांब न्या.
• अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साबण-पाण्याने धुवा.
• डबा किंवा पाकीट सोबत घ्या. डॉक्टरांना औषधाचं नाव, किती खाल्लं, कधी खाल्लं ते सांगा.

❌ काय टाळाल?
दूध, तेल, मिठाचं पाणी पाजू नका. मनाने उलटी करवू नका. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात काहीच घालू नका.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना लांब पडतो, म्हणून निघण्याआधीच डॉक्टरांना फोन लावा. पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर १९६२ आत्ताच सेव्ह करा आणि गावच्या ग्रुपवर टाका. 🙏