मनोनाट्य : भावनांची तालीम

मनातली घालमेल नुसती सांगायची नाही, तर गटासमोर ती प्रत्यक्ष वठवायची, ही मनोनाट्याची म्हणजेच सायकोड्रामाची मूळ कल्पना. ती मांडली मनोविकारतज्ज्ञ जेकब लेव्ही मोरेनो (१८८९–१९७४) यांनी. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात त्यांनी संहितेविना, उत्स्फूर्त नाटकांचे प्रयोग केले. पुढे अमेरिकेत गेल्यावर १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे त्यांनी मनोरुग्णालय काढले आणि तेथे या उपचारासाठी खास रंगमंच उभारला.

एका सत्राचे तीन टप्पे असतात. आधी साध्या खेळांनी आणि हालचालींनी संकोच घालवला जातो. मग एक रुग्ण नायक होतो, उपचारक दिग्दर्शक होतो आणि बाकीचे त्याच्या आयुष्यातली माणसे होतात. शेवटी गट बोलतो. मात्र सल्ला द्यायचा नाही, नायकाच्या अनुभवातले आपल्याला काय भिडले तेवढेच सांगायचे.

वडिलांचा विषय निघताच भडकणारा तरुण घ्या. रिकाम्या खुर्चीत वडील बसले आहेत असे मानून तो बोलू लागतो. आवाज चढतो, मुठी आवळल्या जातात. दिग्दर्शक त्याला थांबवून त्याच खुर्चीत बसवतो. आता वडिलांचे उत्तर त्यालाच द्यायचे असते. तो पुन्हा आपल्या जागी येतो, तेव्हा त्याच्यामागे उभा असलेला सहकारी त्याच्या वतीने म्हणतो, ‘‘मला तुमची भीती वाटते.’’ हे पटले नाही, तर तरुणाने ते दुरुस्त करायचे. रागाखाली दडलेल्या भीतीला असे नाव मिळते. त्यानंतर तोच प्रसंग तो शांतपणे, वेगळ्या शब्दांत पुन्हा करून पाहतो.

घरच्या भांडणात अशी उसंत मिळत नाही. इथे प्रसंग मध्येच थांबवता येतो, बाहेरून पाहता येतो, बदलता येतो. भावना अंगावर धावून येत नाही आणि दाबूनही टाकावी लागत नाही. ‘माझेही असेच होते’ असे इतरांकडून ऐकले की लाज आणि एकटेपणा ओसरतो.

मात्र तीव्र भ्रमाच्या अवस्थेत ही पद्धत सहसा टाळतात. सत्र संपताना प्रत्येकाला भूमिकेतून बाहेर आणावे लागते; त्यासाठी प्रशिक्षित उपचारकच हवा. स्किझोफ्रेनियावरील नाट्योपचाराच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २००७ मध्ये आढावा घेतला, तेव्हा ठोस निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणून औषधे बंद करून नव्हे, तर त्यांच्या जोडीनेच हा उपचार घ्यावा.